गोठ्याखालचं पाणी

— नाही उकंडराव, पोरगी घरात नाही, अन् असती तरी पाटावर आणून तुमच्यापुढं बसवली नसती. बुलढाण्याले गेली, कॉलेजचा फारम भराले, बाप घेऊन गेला. तुम्ही साखरखेर्ड्याहून आले, पुतण्यासाठी माह्या कलाले मागून राह्यले, हुंडा नको म्हणता, वरून अंगावर सोनं घालतो म्हणता — काऊन? सहा महिन्यांखाली तिचं नाव तरी माहीत होतं का तुम्हाले? नव्हतं. पाणी लागलं अन् नाव समजलं. बसा, चहा होऊन राह्यला. पिऊन जा. पण अगोदर ऐकून घ्या, मंग पुतण्याले काय सांगायचं ते सांगा.

माही माय झुंबरबाई. तिले जमिनीखालचं पाणी ऐकू ये. कसं म्हणाल, त जातं फिरल्यावाणी. पायाखाली घरघर लागली की तिथं पाणी. माह्या बापाले, मोतीरामले, काहीच ऐकू येत नव्हतं, पण मुलखात पाणाड्या म्हणून नाव त्याचं. तळहातावर नारळ ठेवून तो पुढं, माय डोक्यावर टोपली घेऊन मागं. घरघर लागली की माय मागून हळूच खोकायची, अन् बापाचा नारळ उभा राहायचा. लोक पाया पडत — कोणाच्या? त्याच्या. विहिरीच्या दगडावर नाव त्याचं. मंग एका वर्षी त्याले वाटलं, हिची काय गरज? मायले घरी ठेवलं, एकटा गेला, नारळ उभा केला. साठ फूट काळा खडक, ओल नाही. शेतमालकानं चारचौघांत त्याले डोक्याचा फेटा उतरवाले लावला. घरी आला अन् मायच्या कानावर अशी मारली — मी चुलीपाशी होती, अकरा वर्षांची — कानातून रक्त आलं. मंग तिले काहीच ऐकू आलं नाही. ना पाणी, ना मी. अन् दुसऱ्या दिवशी तिनं दाखवलेल्या साऱ्या विहिरींत बायांनी बादल्या सोडल्या, त कोरड्या वर आल्या. पाणी डोळ्याले दिसे, बादलीत येईना. तीन दिवस. — खोटं वाटते? वाटू द्या.

मले जातं नाही ऐकू येत. मले लेकरू रडल्यावाणी येते. लग्न होऊन या घरात पाय टाकला, अन् गोठ्याखालून रडणं. मागची विहीर आटलेली, मळा नावालेच, सासू कोसावरच्या नाल्यातून पाणी आणे. मी बोलली नाही. काऊन बोलू? बोलली असती त माह्या मालकाच्या, महादेवरावांच्या हातातही नारळ आला असता, अन् मी मागं टोपली घेऊन. — मारणारे होते का? नाही जी. उभ्या जन्मात बोट लावलं नाही त्या माणसानं. पण ते मले पहिल्या दिवशी कसं समजावं? समजलं तवा दहा वर्षं झाली होती, अन् दहा वर्षांनी कोण्या तोंडानं सांगावं? नाल्यावरून डोक्यावर वाहिलं पाणी. मानेवर ही गाठ पहा, घागरीची आहे. मले पस्तावा नाही.

कला सहा वर्षांची होती. गोठ्यात बसून पाढे म्हणून राह्यली होती. मी म्हणलं, शाळेत त अजून घातली नाही, हे कुठं शिकली? त म्हणे, आई, खाली कोणी म्हणते, मी त्याच्यामागं म्हणते. अन् मी — मी तिच्या कानाखाली वाजवली.

हाव. कानाखालीच. याच हातानं, माह्या मायले पाहिलं होतं तरी.

चहा घ्या, निवून राह्यला. हे मले सांगायचं नव्हतं. — मंग ती दहा वर्षं त्या पाण्याचं बोलली नाही. लहान घागर घेऊन माह्यामागं कोसभर चालत राह्यली, अन् गोठ्यावरून जाताना पाय हळू टाके, खाली कोणी झोपलं असल्यावाणी. ती ऐकत होती, मी ऐकत होती, अन् दोघी एकमेकींकडं पाहत नव्हतो.

मंग यंदा पंचायतीनं गावची विहीर काढाले घेतली. बाहेरून पाणाड्या आणला, पन्नास फूट गेले, कोरडी. कलाची मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. सरपंच भगवानराव, सारे बापे माणसं काठावर, अन् ही पोट्टी दोन वेण्या घेऊन मधी गेली. म्हणे, "इथं नाही. चावडीच्या पायरीखाली आहे." हसले सारे. कोणी म्हणे, हिले घरी न्या. ती पायरीवर जाऊन बसली. "खणायचं म्हणा, मंगच उठते." दोन दिवस बसली. मी? मी भाकर नेऊन दिली, अन् मंग मले परत फिरता येईना. मीबी बसली शेजारी. तिसऱ्या दिवशी महादेवराव पहार घेऊन आले, कोणाले विचारलं नाही, पायरी उखडाले लागले. मंग बाकीचे आले. सतरा फुटांवर पाणी लागलं, असं चढलं की खालच्यांले दोर टाकून काढावं लागलं. अन् त्या पाण्यातून साऱ्या गावानं ऐकलं — बे एके बे, बे दुणे चार. भगवानरावांनीबी ऐकलं. टोपी काढली त्यांनी. कलानं चुन्यानं दगडावर लिहिलं, झुंबरबाईची विहीर. पंचायतीनं तीनदा पुसलं. पुसलं की दुपारपावतर अक्षरं वर येत. आता पुसत नाही.

पाणी लागलं त्याच दिवशी जेवताना, बापासमोर, कला म्हणे, "आई, गोठ्याखालचं तू सांगते का मी सांगू?"

मीच सांगितलं. महादेवरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

बस. उठले, बैल दुसरीकडं बांधले, दुसऱ्या दिवशी खणाले लागले. मळा हिरवा झाला, येताना पाहिलाच तुम्ही. माह्याशी बोलत नाही ते, महिना होऊन गेला. नाही बोलत त नाही. त्यांचं खरं आहे, माहंबी खरं आहे. पण पोरीले कॉलेजात घालाले स्वतः घेऊन गेले, मले तेवढं पुरते.

अन् तुम्ही म्हणता, पोरीनं लोकांत जायचं कामच नाही, घरातल्या घरात सांगायचं, बाकी पुतण्या पाहून घेईल. चांगल्या मनानं म्हणता, मले माहीत आहे. माहा बापही अगोदर चांगल्या मनानंच म्हणे. नाही उकंडराव. सोयरीक नाही. तुमचा निरोप आला तवाच तिले विचारलं, ती हेच म्हणते.

काय? — येते ना, मले अजून ऐकू येते. तुमच्या वावराखालचंबी. मागच्या वैशाखात तुमच्या भाचीच्या लग्नाले आली होती, बांधावरून चालली, तवा ऐकलं. कुठं? ते तिले विचारा. ती आता शिकाले बुलढाण्यालेच राहील, तिथं पत्र टाका, पाकिटावर तिचं नाव लिहा, बापाचं नाही, माहं नाही. ती येते म्हणाली त येईल, अन् आली त पुढं चालेल, तुम्ही मागून या.

कप ठेवा तिथंच. उठा आता, तुमची गाडी जाईल.