डोळे मिटा, डोळे उघडा

पौषातला मंगळवार. सकाळी धुकं होतं, दुपारचं ऊनही कोवळंच. त्या दिवशीची गंमत सांगते.

चारकोपच्या आमच्या भजनी मंडळात वंदना वीस वर्षं टाळ वाजवते. गातात तिच्या मोठ्या जाऊबाई. एकदा तरी आपलं गाणं लोकांना ऐकवावं, पण नाव न सांगता, असं तिच्या मनात होतं. म्हणून गाण्यांच्या एका अ‍ॅपवर मी तिचं खातं उघडत होते.

"नाव 'अनामिका' टाक. जाऊबाई तिथेच गाणी ऐकतात. कळलं तर वाट लागेल!"

"टाकलं. आता आधार कार्ड दाखव, मग चेहरा."

"अगं, मग अनामिका कसली?"

"ते फक्त अ‍ॅपवाल्यांना. लोकांना दिसत नाही."

मोबाइलवर सूचना आली: डोळे मिटा, डोळे उघडा. वंदनाने डोळे मिटले आणि सवयीने हातही जोडले. मग अगदी हळू आवाजात ती गायला लागली. मला तिला थांबवावंसं वाटेना. वेळ संपली.

"उघडायचे होते ना गं!"

"डोळे मिटले की मी इथे नसतेच."

दुसऱ्यांदाही तेच झालं. आता एकच संधी उरली होती. या खेपेला मी तिचा हात धरून बसले आणि वेळेवर दाबला. तिने डोळे उघडले. पडताळणी पूर्ण झाली.

संध्याकाळी तिने गाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली पहिला अभिप्राय आला, जाऊबाईंचा: "वंदे, उद्याच्या भजनात तू गा. टाळ मी धरते."