विश्रामचा पाय

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, पण त्यातला एक आमचा विश्राम असू नये. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, लालबागचं आमचं गॅरेज. विश्रामने टॅक्सीचं पेडल दाबून धरायचं आणि मी गाडीखालून नट सैल करून हवा सोडायची. पण रस्त्यावर मोर्चा आला की हा घोषणा द्यायला उठायचा, पाय सुटायचा आणि हवा परत आत. असं तीनदा झालं.

“महाराष्ट्र मिळेल रे, पण तू पाय उचलू नकोस.”

शेवटी पेडल घट्ट झालं. विश्रामने मला शेजारी बसवून गाडी तपासायला काळाचौकीकडे काढली, तर वळणावर समोर मोर्चाच. झेंडेवाल्यापासून वीतभरावर टॅक्सी थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

म्हटलं, “आता दे घोषणा.”

“गप रे. पाय ब्रेकवर आहे माझा.”