जीपले लॉकर बसवलं तवा

अबे, जीपले लॉकर बसवाचं म्हणतं, तं आधी माही गोष्ट आयक.

तेल्हाऱ्याकडं माह्या सासऱ्याचं घर हाय. घराले लागूनच वावरात जाणारी पांधण. काळ्या मातीत, पांधणीच्या तोंडाशीच माही जीप दरसाल फसे. एक चाक गरगर फिरे, दुसरं आराम करे. मंग सासरे बैलजोडी लावून ओढत, आन् सारं गाव जवाई पाहाले येई!

शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरात मिस्तरीले म्हटलं, "दोनी चाकं संगंच फिरली पायजेत."

"त्याले लॉकर लागते. समोर लावू का मांगं?"

"दोनीकडं लाव ना."

"बजेट सांगा."

म्या सांगतलं. त्यानं माह्याकडं पाहेलं आन् म्हणे, "मांगंच लावू. तेबी जुनं."

मंग आलं धोंड्याचं जेवण. म्या नवे पांढरे कपडे घातले आन् सासूबाईले म्हटलं, "तुमी ताट वाढा, मी जीपनं वावर पाहून येतो."

पांधणीचं तोंड असं पार केलं, जसा डांबरी रस्ता! खुशीत हॉर्न वाजवला. तसाच पार वावरापाशी गेलो, आन् तिथं दोनी चाकं संगंच बुडाली.

बऱ्याच वेळानं सासरे बैल घेऊन आले, गुडघ्यावरी चिखलात.

"मामाजी, लॉकर बसवलं," म्या म्हटलं.

"काढून टाका, जवाईबापू. जवाई जेवल्याबिगर घरात कोणी जेवत नाही. पयले तुमी घरापाशीच फसत होते, आमाले टायमावर जेवाले भेटे."