ओळख पटवण्यासाठी केलेला प्रवास

जबाब देणार : बेपत्ता तरुणाची आई. वय सत्तावन्न. धंदा शिवणकाम, पडदे व गाद्यांच्या खोळी. राहणार पतीच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानावरील दोन खोल्या, येथून मोटारीने दोन दिवसांच्या अंतरावर.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, साहेबांनी विचारल्यावरून, मी समक्ष सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती दोघेच राहतो. पती पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटरी भरून देतात, म्हणजे आतली जळकी तार काढून नवीन तांब्याची तार गुंडाळतात. आम्हाला एकच मुलगा. घरात त्याला भुंगा म्हणतात, कारण लहानपणी तो दुकानातल्या मोटरीसारखा आवाज काढत दिवसभर फिरायचा. आज त्याचे वय सत्तावीस आहे. तीन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली एक मोटर गिऱ्हाइकाला पोहोचवायला तो सकाळी स्कूटरवरून गेला. मोटर पोहोचली. स्कूटर बस स्थानकाच्या वाहनतळावर कुलूप लावलेली मिळाली. मुलगा मिळाला नाही. घरात भांडण झाले नव्हते. व्यसन नाही. प्रेमप्रकरण माझ्या माहितीत नाही. हे प्रत्येक ठाण्यात विचारतात म्हणून विचारण्याआधीच सांगत आहे.

त्याच्यासारखा कोणी दिसल्याचे कळले की आम्ही जातो. सुरुवातीला बसने, रेल्वेने जायचो. परतीच्या गाडीची वेळ झाली की निघावे लागायचे. पतींना ते सोसायचे नाही. "अजून थोडं थांबलो असतो तर," असे ते घर येईपर्यंत म्हणत राहायचे. म्हणून दुकानाची मागची बाजू भाड्याने देऊन त्यांनी ही मोटार घेतली. ती विजेवर चालते, पण तिच्यात एक लहान पेट्रोल इंजिनही आहे. विकणारा म्हणाला होता, "काका, ही तुम्हाला कुठे अडकवायची नाही." पती ज्याला त्याला समजावून सांगायचे की चाके फिरवते ती मोटरच, इंजिनाचा चाकांशी संबंध नाही, ते फक्त बॅटरी उतरली की ती भरते. शेजारचा वेल्डर त्यावर म्हणाला, "म्हणजे बैल पण गाडीत आणि वैरण पण गाडीत." पती त्या दिवशी हसले होते. खिडक्यांना लावायचे पडदे मी शिवले, त्यामुळे मुक्काम गाडीतच करता येतो.

इंजिन असूनही पती वाटेत चार्जिंगला थांबायचे. गरज नसली तरी थांबायचे. गाडी भरेपर्यंत तेवढा वेळ मिळतो, त्यात ते तिथल्या प्रत्येकाला मुलाचा फोटो दाखवायचे. पंपावरचे लोक, ट्रकवाले, झाडू मारणारी बाई, कोणालाही सोडायचे नाहीत. मी फोटोच्या मागे चिकटपट्टी लावून द्यायचे आणि ते खांबावर चिकटवायचे.

या आठवड्यात या ठाण्यातून हवालदारांचा फोन आला. फोन मी घेतला. कालव्याच्या जाळीला एका तरुणाचे प्रेत लागले असून वय, उंची व बांधा आमच्या तक्रारीशी जुळतो, तरी ओळख पटवण्यास यावे, असे त्यांनी कळवले. मी खाली दुकानात जाऊन पतींना सांगितले. त्यांच्या हातात तारेचे वेटोळे होते. ते त्यांनी पूर्ण केले, टोके बांधली, मग उठले. निघताना वेल्डरने विचारले की कुठे चाललात. पती म्हणाले, "भुंग्याला आणायला." मी फोटोंची पिशवी घेऊन गाडीत बसले.

प्रवासाबाबत विचारले म्हणून सांगते. पहिल्या दिवशी पती चार्जिंगच्या एकाही ठिकाणी थांबले नाहीत. मी पाट्या दाखवल्या. ते म्हणाले, "इंजिन आहे ना." दुपारी बॅटरी उतरली आणि इंजिन लागले. तोपर्यंत गाडीचा आवाज नसतो. मग एक घरघर सुरू होते, ती गाडी हळू चालली तरी तशीच राहते आणि जोरात चालली तरी फारशी बदलत नाही. मला डुलकी लागली होती, ती मोडली. पती म्हणाले, "झोप तू. काही नाही, भरतंय ते."

पेट्रोल घ्यायला मात्र थांबलो. शेजारच्या टपरीवर एका ट्रकवाल्याने कुठे जाता म्हणून विचारले. पती म्हणाले, "मुलाला आणायला."

"कामाला असतो का तिकडे?"

"हो. तिकडेच आहे."

"बरं आहे. पोरं हाताशी असलेली बरी."

पती हो म्हणाले. फोटोंची पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यांनी ती मागितली नाही आणि मीही पुढे केली नाही. त्या वेळी मला कळायला हवे होते. पण मला वाटले, थकले असतील.

दुसऱ्या दिवशी डोंगराचा चढ लागला. बॅटरी तळाला होती. चढाला जितकी वीज लागते तितकी ते लहान इंजिन बनवू शकत नाही, हे पतींना माहीत आहे. मोटरीतले त्यांना कोणी शिकवायला नको. तरीही ते बॅटरी न भरता चढाला लागले होते. गाडी रडतखडत चालू लागली. मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढे जाऊ लागले. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होते. बॅटरी थोडी भरेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

मी म्हटले, "सकाळी भरून घेतली असती तर ही वेळ आली नसती."

ते म्हणाले, "थांबलं की विचारावं लागतं."

"मग विचारायचं. आजवर विचारलंच की."

"लोक फोटो बघतात. मग माझ्याकडे बघतात," ते म्हणाले. "मला आता कोणाला विचारायचं नाही."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "या खेपेला तोच असेल." मी म्हटले, "असं नका बोलू." ते म्हणाले, "का? आजवर प्रत्येक खेपेला म्हणालो तेव्हा चाललं." मी म्हटले, "तेव्हा जिवंत माणूस बघायला निघालो होतो." समोरच्या स्क्रीनवर बॅटरीचा आकडा एकेक करून चढत होता. दोघेही तोच बघत होतो. मग गाडी निघाली.

आज सकाळी आम्ही येथे पोहोचलो. हवालदार आम्हाला रुग्णालयाच्या शवागारात घेऊन गेले. सोबत तेथील कर्मचारी होता. त्याने आधीच सांगितले की पाण्यात राहिल्याने चेहरा ओळखू येणार नाही. त्याने चादर खांद्यापर्यंत खाली केली. ती पुरती सरकायच्या आधीच माझे पती म्हणाले, "हाच."

हवालदार म्हणाले, "नीट बघा, काका. घाई नाही."

पती म्हणाले, "बापाला काय नीट बघायचं असतं? हाच आहे."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी कर्मचाऱ्याला हात दाखवायला सांगितले. त्याने दोन्ही हात चादरीवर ठेवले. माझ्या मुलाच्या डाव्या हाताच्या करंगळीला पुढचे पेर नाही. सात वर्षांचा असताना ते तार गुंडाळण्याच्या यंत्रात गेले. त्या वेळी पती त्याला उचलून दवाखान्यापर्यंत अनवाणी पळत गेले होते. आमच्या तक्रारीत ही खूण लिहायची राहिली होती, ती मी तिथेच हवालदारांना सांगितली. मृत इसमाची दहाही बोटे पूर्ण होती. नखांच्या कडांना पांढरा रंग होता, भिंतीला देतात तसा. पाण्यानेही तो गेला नव्हता.

अंगावरचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवले होते. ते मी मागून घेतले. निळा शर्ट. माझ्या मुलाचा नाही. या शर्टाची कॉलर उसवून, उलटून, पुन्हा लावलेली आहे. कॉलर घासली की आतली चांगली बाजू वर आणतात, तसे. शिंपी हे काम मशीनवर करतो. हे हाताने केलेले आहे, बारीक टाक्यांनी, आणि दोरा रंग जुळवून घेतलेला आहे. टाक्यांवरून करणारीचे डोळे अधू असावेत असे मला वाटते. काही टाके एकावर एक पडले आहेत. पण एकही सुटलेला नाही.

बाहेर आल्यावर पती गाडीजवळ उभे होते. तेथे आमच्यात जे बोलणे झाले ते साहेबांनी विचारल्यावरून सांगत आहे.

मी म्हटले, "बोट बघितलंत?"

ते म्हणाले, "बघितलं."

"मग?"

"मग काय. कोणी आलेलं नाही त्याच्यासाठी. आपण नेऊ. सगळं नीट करू त्याचं. तुझं काय जातंय?"

मग तेच म्हणाले, "मला घरी जायचंय."

"जाऊ की."

"तसं नाही. तसं तर दर वेळी जातो." त्यांनी हात टपावर ठेवला होता. "एकदा काहीतरी घेऊन जायचंय. लोकांनी घरी येऊन बसावं, दोन दिवस बसून उठून जावं. मग मी खाली दुकानात जाईन आणि दारात कोणी आलं तर मान वर करून बघणार नाही. एवढंच पाहिजे मला."

मी त्यांना कॉलरचे सांगितले. म्हटले, "याची कोणीतरी आहे. आई असेल, नाहीतर आजी. आपण नेला तर तिला कोणी फोन करणार नाही. ती मरेपर्यंत दाराकडे बघत बसेल."

ते म्हणाले, "ती कशाला येतेय इतक्या लांब."

मी म्हटले, "आपण आलोच ना."

त्यानंतर ते गाडीत जाऊन बसले. मीही बसले. येथे आल्यावर त्यांनी आपला जबाब आधी दिला. तो मला साहेबांनी सांगितला. मृत इसम हा आमचाच मुलगा असल्याचे त्यांनी त्यात लिहून दिले आहे व मृतदेह ताब्यात मागितला आहे. करंगळीबाबत विचारता, त्यांनी असे काही घडले नसल्याचे सांगितले आहे.

माझे म्हणणे असे की सदरचा मृतदेह माझ्या मुलाचा नाही. याबाबत मला शंका नाही. साहेब म्हणाले की ताई, पुन्हा विचार करा, तुम्ही हो म्हणालात तर संध्याकाळपर्यंत मृतदेह मिळेल आणि तुमची बेपत्ताची तक्रारही निकाली निघेल. नाही म्हणालात तर तक्रार उघडी राहील, पण तिच्यात पुढे काही होईल असे मी सांगू शकत नाही. साहेब हे चांगल्या मनाने बोलले. मी विचार केला. मी नाही म्हणते.

साहेबांनी रक्ताचा नमुना देण्याबाबत विचारले. मी तो दिला. पतींनी दिला नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत मृतदेह शवागारात राहील, हे मला समजावून सांगितले आहे. माझी विनंती आहे की कागदावर नुसता निळा शर्ट असे न लिहिता कॉलर हाताने उलटून लावलेली, असे लिहावे, आणि कॉलरचा जवळून फोटो घ्यावा. करणारी बाई तो कुठेही ओळखेल. रंगकाम करणाऱ्यांच्या वस्तीत विचारावे.

तसेच माझ्या पतींवर खोटी ओळख दिल्याबद्दल कारवाई करू नये. ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी भरलेली मोटर जळाली तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी स्वतःच चूक सांगतात. पोलिसांना फसवावे असा त्यांचा हेतू नव्हता. दुसरा काय होता तो मी वर सांगितला आहे.

मी जबाब देत असताना पती ठाण्याच्या आवारात गाडीत बसले आहेत. दारे आतून लावून घेतली आहेत व माझे शिवलेले पडदे ओढले आहेत. मी काच वाजवली, त्यांनी उघडली नाही. हवालदार मला धीर देत म्हणाले, "ताई, आत एसी चालू आहे. बॅटरी उतरली, गरम व्हायला लागलं की येतील आपोआप बाहेर." मी त्यांना सांगितले की या गाडीत तसे होत नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात इंजिन लागले. त्याचा आवाज येथे खोलीत ऐकू येत आहे.

परत जाण्याबाबत विचारले. मला गाडी चालवता येत नाही. ते चालवतील तेव्हा जाऊ.

वरील मजकूर मी सांगितला तसाच उतरवला गेला असून लेखनिकाने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. तो खरा व बरोबर आहे. माझ्या पतींचा जबाबही त्यांना असाच वाचून दाखवण्यात आला होता व तो खरा व बरोबर असल्याचे सांगून त्यांनी सही केली आहे. दोन्ही जबाब एकाच फायलीत लावले जातील, असे मला सांगण्यात आले. माझी हरकत नाही.