हाताचा वास

नाही ताई, बाटलीचं झाकण घट्ट आहे — वास येतो तो माझ्या हातांना. किळस येते ना? मलाही येते. चौदा वर्षं लोकांची नेलपॉलिश पुसतेय, रिमूव्हरचा हा वास जेवतानासुद्धा सोडत नाही — अंगठा सैल सोडा. काय सांगत होते? हां, आमची ठमी, माझी लेक. नऊ वर्षांची आहे, चौथ्या वर्षापासून डायबेटिस. गोड फार खायची का, हेच विचारणार ना? सगळे तेच विचारतात, अगदी वीट आलाय. गोडाचा काय संबंध — तिच्याच शरीरानं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या, वैरी अंगातलाच. दिवसाला चार सुया, पोरगी हूं की चूं करत नाही.

तर त्या दिवशी सकाळपासून उलट्या. काहीतरी बाधलं असेल, असं कुणालाही वाटेल. मी इथं, घरी सासूबाई — आणि दुपारची सुई दिलीच नाही. का? तर पोटात अन्नाचा कण नाही, साखर एकदम उतरेल म्हणून. अहो, डॉक्टरांनी दहादा बजावलंय, आजारपणात सुई आपल्या मनानं बंद करायची नाही, साखर परत परत तपासायची, उलट्या थांबल्या नाहीत तर सरळ दवाखाना. फ्रिजवर कागद चिकटवलाय तसा. वाचतं कोण?

संध्याकाळी घरी गेले तर पोरगी पाणी पाणी करतेय, आणि नुसती पडलेली असून श्वास असा, जिने चढून आल्यासारखा. जवळ घेतलं तर हाच वास. म्हटलं, माझेच हात. साबणानं धुतले, परत जवळ गेले — आहेच. लिंबू चोळलं — आहेच. दहा मिनिटं, ताई, दहा मिनिटं मी मोरीत हात घासत बसले, आणि वास येत होता तिच्या तोंडाला. इन्सुलिन नाही मिळालं की रक्तात आम्ल साठतं, त्याचा असा वास येतो, हेही त्या कागदावर होतं. साखर इतकी चढलेली की मशीन आकडाच दाखवेना. उचलली आणि पळत सुटले. तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. आता बरी आहे, शाळेत जाते.

डॉक्टरांनी विचारलं, सुई कुणी चुकवली? मी सासूबाईंकडे बोट दाखवलं, चार माणसांसमोर. त्या खाली मान घालून उभ्या.

काय म्हणालात — म्हाताऱ्या माणसांवर सोडूच नये? नाही हां, त्यांना नावं ठेवू नका. तुम्हाला काय माहीत — फोन केला होता त्यांनी. सुई भरून उभ्या होत्या, विचारत होत्या, देऊ ना गं? समोर गिऱ्हाईक, फोन खांद्यावर दाबलेला — मी म्हटलं, राहू द्या, काही खाल्लं नाहीये तिनं. मीच म्हटलं. आणि वर घाईत आहे म्हणून फोन ठेवला. शी, स्वतःचीच शिसारी येते. त्या फोनबद्दल त्या अजून कुणाला सांगत नाहीत, सकाळी चहाचा कप हातात देतात आणि आत जातात. आणि ठमी — ठमी आता आजीला सुई टोचू देत नाही. म्हणते, आजी मला मारून टाकेल.

नाही, सांगितलं नाही तिला अजून.

हात काढा. तीन नखं राहिलीत, राहू देत. निघा तुम्ही.