बोथट सुई

सुया उकळून पुन्हापुन्हा वापरायचे ते दिवस. इंजेक्शनच्या रांगेत डोणगावच्या तानुबाईपुढं सिंधूताई बसली होती. याच दवाखान्यातून पाच वर्षांमागं रिटायर झालेली मोठी सिस्टर. कोकिळा सिस्टरनं सुई टोचली तशी ती कळवळली.

“कोकिळा, सुई बोथट हाये वं.”

“हो, बाई.”

“आधी तं तू अर्धा घंटा लवकर येऊन एकएक सुई कापसावर ओढून पाहायची. कापूस अडकला का दगडावर घासायची.”

“पाहायची ना.”

“लोक तुह्याच हातची सुई मांगत. मंग सोडलं काऊन?”

“तुम्हीच बोलल्या होत्या, साऱ्या वॉर्डासमोर. ‘तुले कोनं सांगतलं हे? सांगतलं तेवढंच कर, लय शहाणपणा नको.’”

“मी?”

“हाव. तवापासून सांगतलेलंच करते.”

सिंधूताई दंड चोळत राहिली.

“तो दगड हाये काय अजून?”

“कपाटात हाये.”

“मंग काढ, माय. मी सांगून राह्यली, घास.”

“घासते. पण दहा वर्षं झाली, बाई. आता घासताना बोटाले धार समजत नाही.”

सिंधूताई उठली. तानुबाईनं चोळीची बाही वर सरकवली.