माझे दोन राजीनामे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय श्रीकांतराव वकीलसाहेब, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, आपल्या केळी बागायतदार संघाचे आधारस्तंभ निंबाभाऊ आणि भाईदासभाऊ, बुधवाऱ्यापासून डोईफोडियापर्यंतच्या गावांतून आलेले सभासद आणि माताभगिनींनो,

वकीलसाहेब आत्ता म्हणाले, "वामनराव हे जन्मजात नेते." तेव्हा बायकांच्या बाजूने जे हसू आलं, ते आमच्या सौभाग्यवतींचं होतं. मालतीबाईंची साक्ष वकीलसाहेबांनी आधी घ्यायला हवी होती!

खरं सांगू? मला संघाचा अध्यक्ष केलं, कारण निंबाभाऊंना भाईदासभाऊ नको होते आणि भाईदासभाऊंना निंबाभाऊ. खुर्ची मिळाली, पण नेतृत्व कुठून आणायचं? म्हटलं, यशस्वी नेत्यांकडून शिकू. खंडव्याला सभा असली की मी पहिल्या रांगेत. एक नेते फार सावकाश बोलत. मीही तसं बोलू लागलो; माझं एक वाक्य पुरं होईतो निम्मे सभासद चहा पिऊन आले. दुसरे हात मागे बांधून चालत. तसा मी बांधावरून चाललो आणि पाटात पडलो. तिसरे मौन पाळत. माझं मौन दुसऱ्या दिवशी संपलं, कारण दाढ दुखतेय असं समजून हिने लवंगेचं तेल लावलं.

मग ते भांडण आलं. स्टेशनावर वॅगन लागली की आधी घड कोणाचे भरायचे, निंबाभाऊंचे की भाईदासभाऊंचे? तक्रार वरपर्यंत गेली. नुकतंच नवं राज्य झालेलं, कारभार नागपूरहून भोपाळला गेलेला, कागद हिंदीत येऊ लागलेले. पत्र आलं, "अध्यक्ष अविलंब राजीनामा प्रस्तुत करें।"

म्हटलं, गेली खुर्ची! पण थोर नेते खुर्चीला चिकटून बसत नाहीत, हेही मी शिकलो होतो. चार पानी राजीनामा लिहिला, सभेत गहिवरून वाचला आणि "नको, नको" ऐकायला थांबलो. निंबाभाऊ उठले, "मग काय भाईदास अध्यक्ष होणार?" भाईदासभाऊ म्हणाले, "तो होण्यापेक्षा संघ बुडालेला बरा!" माझ्याकडे कोणी बघेना.

तेवढ्यात मागून सोजरबाई उठल्या. त्यांचे जेमतेम तीस घड. "तुम्ही भांडा. केळं थांबस का?" एवढंच म्हणून त्या स्टेशनावर गेल्या आणि हमालांकडून एक घड निंबाभाऊंच्या गाडीतला, एक भाईदासभाऊंच्या गाडीतला, असे भरू लागल्या. आपला एक कमी जाईल या धास्तीने दोघे धावले. वॅगन भरली. "यापुढे असंच" अशा कागदावर बाईंनी दोघांच्या सह्या घेतल्या. आमच्या दत्तात्रय कारकुनाने तो कागद माझ्या चार पानांसोबत एकाच पाकिटात टाकला.

उत्तर आलं, "राजीनामा प्राप्त हुआ। अध्यक्ष का कार्य सराहनीय है।" मला हाकलून वर कौतुक करतात, म्हणून मी पंधरा दिवस घरी रुसून बसलो. अखेर वकीलसाहेबांनी पत्र वाचलं आणि पोट धरून हसले. "अहो, हिंदीत राजीनामा म्हणजे समेट! त्यांना तडजोडीचा कागद हवा होता. तो मिळाला, खूश झाले."

तो समेट सोजरबाईंचा. पण चौकटीत बसवलेलं पत्र तीन वर्षं माझ्या खुर्चीमागे टांगलंय, आणि आजची ही शालही त्याच खिळ्यावरून आली आहे. मी कधी बोललो नाही, याची मला लाज वाटते. मोठ्यांकडून शिकायला मी खंडव्याला जात होतो, आणि शिकवणारी आपल्याच सभेत मागच्या सतरंजीवर बसली होती.

आज मी खरंच निघालो आहे. पुढचा अध्यक्ष कोण, यावरून मघापासून निंबाभाऊ आणि भाईदासभाऊ एकमेकांकडे बघत नाहीयेत. भाऊंनो, माझा राजीनामा मराठीतला आहे. तुमचा दोघांचा हिंदीतला होऊ द्या, आणि त्या खुर्चीवर सोजरबाईंना बसवा. माझ्यानंतर संघ टिकायचा तर मला दुसरा मार्ग दिसत नाही.

...हात वर झाले? दोघांचेही? बरं झालं बुवा! वकीलसाहेब, लिहून घ्या, यांचं मन बदलायच्या आत.

आपण सर्वांनी एवढी वर्षं मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, कुठे शब्द चुकला असेल, तर पोटात घाला. शब्द चुकवण्यात माझा लौकिक आहेच. अजून दोन गोष्टी सांगणार होतो, पण सोजरबाई दारातून हात करताहेत. काय म्हणता बाई?

"आटपा भाऊ, वॅगन लागेल शे."

वॅगन लागलीय, आणि नव्या अध्यक्षांचा हा पहिला हुकूम आहे. मी बसतो.